आधी वायर, मग फोन

खराडीच्या कंपनीची मेल आली तेव्हा मी रक्ताच्या ट्यूबांच्या खोक्यांवरच्या तारखा तपासत होते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे आहे. मेल आधी उभ्या उभ्या फोनवर वाचली, मग खोक्यावर बसून पुन्हा वाचली. विचारलं होतं ते साधंच होतं. तुमच्या संगणकांवर हल्ला झाला, तर तुम्ही काय कराल ते लिहून द्या. नुसतं लिहून नाही, एकदा करून पाहिल्याची नोंदही जोडा. मुदत सहा आठवडे. करार वाढवायचा की नाही, ते त्यानंतर ठरेल.

या कंपनीच्या सगळ्या नोकरदारांची वार्षिक तपासणी आमच्याकडे असते. त्यासाठीच आम्ही खराडीत त्यांच्या इमारतीसमोर कलेक्शन सेंटर उघडलं होतं. तिथे अकरा माणसं. करार गेला तर सेंटर बंद करण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता, कारण रस्त्यावरून चालत येणारं गिऱ्हाईक तिथे जवळजवळ नाहीच. त्या अकरा जणांना मी एकेक करून घेतलं होतं. त्यांतल्या चौघींनी भाड्याचं घर बदलून, मुलांच्या शाळा बदलून खराडी गाठली होती. सेंटर टिकेल का, असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी ‘टिकेल’ म्हणाले होते. वहीत मी पहिली ओळ लिहिली : ‘सहा आठवडे.’ दुसरी : ‘अकरा जण.’ मग सरांच्या खोलीत गेले.

सर म्हणजे आमचे डॉक्टर, लॅबचे मालक. वय पंच्याहत्तर, अजून रोज कोट घालून येतात. दोन खोल्यांतून लॅब उभी केली, आज शहरभर सात सेंटर्स आहेत. मी सव्विसाव्या वर्षी त्यांच्याकडे रिसेप्शनवर लागले; आता रक्त आणि सूक्ष्मदर्शक सोडून बाकीचं सगळं मी बघते. मेल वाचून त्यांनी चष्मा काढला.

“हल्ला? आपल्यावर? आपल्याकडे आहे काय, लोकांच्या लघवीचे रिपोर्ट! दुसऱ्याची साखर किती ते कुणाला हवंय?”

“दुसऱ्याला नको, सर. ज्याची त्यालाच हवी असते. आपल्या सगळ्या फायली कुणी कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली, तर उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाला आपण काय सांगणार?”

“देवाचं नाव घ्या, असं.” मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, “बरं, करा काय करायचं ते. पण मला त्यातलं इंग्रजी वाचायला लावू नका.”

आमचे संगणक ज्यांच्याकडे सांभाळायला आहेत, त्या गृहस्थांना मी फोन केला. पस्तिशीचे, हुशार, घाईत असलेले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अडतीस पानांचा आराखडा पाठवला. इतक्या लवकर कसा झाला, ते पान अकरावर कळलं. तिथे ‘आपल्या कारखान्याच्या रात्रपाळीतील कामगारांनी’ काय करावं ते दिलं होतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि एकच विचारलं.

“आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने काय करायचं?”

“ती एस्केलेट करेल, मॅडम.”

“म्हणजे?”

“म्हणजे वर कळवेल.”

“आणि वरचा?”

“तो त्याच्या वर.”

“आणि सगळ्यांच्या वर सर. ते दीड ते साडेतीन झोपतात.”

ते हसले. मला हसू आलं नाही, कारण मी हे गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षांत सरांना त्या दोन तासांत कुणी उठवलेलं मी पाहिलेलं नाही. लॅबच्या मागच्या खोलीत कॉट आहे, पडदा आहे; पडदा ओढला की फोन बंद. एकदा त्यांचे साडू परदेशातून आले, तेही बाकावर बसून राहिले.

म्हणून पहिली तालीम मी मुद्दाम मंगळवारी दुपारी दोनला ठेवली. तालमीत मी रजेवर आहे असं धरायचं होतं, म्हणून मी वरच्या मजल्यावर, खालचं दिसेल-ऐकू येईल अशा जागी, वही आणि घड्याळ घेऊन बसले. दोन वाजता, संगणकवाल्यांशी ठरवल्याप्रमाणे, रिसेप्शनच्या संगणकावर लाल अक्षरांत सूचना आली : तुमच्या सगळ्या फायली आम्ही बंद केल्या आहेत. प्रत्येक संगणकाच्या मागे नेटची निळी वायर असते. ती ओढून काढली की तो संगणक बाकीच्यांपासून तुटतो आणि लागण पसरत नाही. एवढंच करायचं होतं. अडतीस पानांत ही गोष्ट पान सव्वीसवर होती.

रिसेप्शनवरच्या मुलीने सुपरवायझरला हाक मारली. सुपरवायझर म्हणाल्या, “कशाला हात लावू नकोस.” त्यांनी मला फोन केला, मी रजेवर. मग दोघी सरांच्या खोलीच्या पडद्याशी गेल्या. आत घोरण्याचा आवाज. परत आल्या. सुपरवायझरने एका कोऱ्या कागदावर लिहिलं : ‘सर, संगणकावर काही संदेश आला आहे. कृपया पाहावे.’ खाली सही, तारीख, वेळ. तो कागद त्यांनी सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि दोघी जागेवर जाऊन बसल्या. तीन पस्तीसला सर उठले. त्यांना चहा दिला. चहा संपेपर्यंत त्यांच्याशी कामाचं बोलायचं नाही, ही आमची दुसरी पद्धत. चहा झाला, कागद वाचला, सर बाहेर आले, संगणक पाहिला आणि म्हणाले, “मग वायर काढा की.”

मी वहीत लिहिलं : ‘एक तास एकोणपन्नास मिनिटं.’

“एवढ्या वेळात सगळं गेलं असतं, मॅडम,” संगणकवाले म्हणाले. “सातही सेंटर्स. बॅकअपसकट.”

कुणी आळशीपणा केला नव्हता, की कुणी घाबरलंही नव्हतं. सगळे अत्यंत नीट वागले होते. आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतं : ‘विचारून सांगते.’ पेशंटला रिपोर्ट संध्याकाळी मिळेल का? विचारून सांगते. पंखा लावू का? विचारून सांगते. हे वळण मीच लावलं होतं. नवीन मुलगी आली की मी पहिल्या दिवशी सांगायचे, न विचारता काही करू नकोस. रक्ताच्या कामात ते बरोबरही आहे. पण ज्यांना पंचवीस वर्षं विचारायला शिकवलं, त्यांनी एका क्षणी न विचारता हात पुढे करावा, ही अपेक्षा पान सव्वीसवर लिहून पूर्ण होणार नव्हती.

मी अडतीस पानं कपाटात ठेवली आणि एका पानाचा मराठी आराखडा लिहिला. मोठ्या अक्षरांत, प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवण्यासाठी. वरचीच ओळ अशी होती : ‘काही विचित्र दिसलं तर निळी वायर काढा. आधी वायर, मग फोन. कुणालाही विचारू नका.’

सरांनी ते पान हातात घेऊन वाचलं.

“कुणालाही विचारू नका? ही लॅब आहे का धर्मशाळा?”

“विचारायला गेलं की दोन तास जातात, सर. मोजलेत मी.”

“आणि चुकून काढली तर? सकाळच्या गर्दीत, काही नसताना?”

“काढू दे. तास-दोन तासांचं काम अडेल. ते परवडतं.”

“तुम्हाला परवडतं. शिव्या मला बसतात.”

“त्याची ओळ शेवटी आहे,” मी म्हणाले.

शेवटची ओळ होती : ‘चुकून वायर काढली गेली, तर कुणीही रागावणार नाही.’ खाली सरांच्या सहीसाठी जागा. त्यांनी पेन उघडलं, ‘रागावणार नाही’ खोडून ‘कामावरून काढणार नाही’ लिहिलं आणि पान माझ्याकडे सरकवलं. मी नवीन प्रत पुढे केली. माझ्याकडे चार होत्या.

“अहो, राग येणं काय माझ्या हातात आहे?”

“येऊ दे की. दाखवू नका.”

त्यांनी सही केली. “लग्नात बायकोनेसुद्धा हे लिहून घेतलं नव्हतं,” असं म्हणून टोपण लावलं.

पुढचा प्रश्न, वायर काढल्यावर लॅब चालवायची कशी. लोक सकाळी उपाशीपोटी येतात. त्यांना ‘संगणक बंद आहे, उद्या या’ म्हणता येत नाही. म्हणजे कागद. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही सगळं कागदावरच करत होतो, पण ते आठवणारी माणसं आता तीनच, त्यातले एक सर. मी अर्ज छापून घेतले आणि कार्बन पेपर आणायला बुधवार पेठेत गेले. पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्या दुकानातले आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “कार्बन? कुठलं नाटक बसवताय?”

“नाटक नाही. ऑफिसला हवाय. दहा डबे.”

“दहा?” आता त्यांनी पेपर खाली ठेवला. “संगणक विकले की काय?”

“आहेत. बंद पडले तर म्हणून.”

“वा. म्हणजे बंद पडणार, हे पुण्यात एका माणसाला तरी माहीत आहे.” त्यांनी शिडी लावून माळ्यावरून सहा डबे काढले, फुंकर मारून धूळ माझ्याच अंगावर उडवली आणि चार पुढच्या आठवड्यात न्या म्हणाले. नेमके कधी, असं विचारल्यावर “आल्यावर” असं उत्तर मिळालं. चारही मिळाले, दोन खेपा झाल्या.

कार्बनपेक्षा अवघड होतं ते ट्यूबांचं. एरवी संगणक बारकोड छापतो आणि तो ट्यूबवर चिकटतो. कुणाचं रक्त कुणाचं, हा प्रश्न येत नाही. हाताने लिहायचं तर सातही सेंटर्सवर एक नंबरची ट्यूब निघणार. म्हणून मी प्रत्येक सेंटरला रंग दिला. कात्रजला पिवळे स्टिकर, खराडीला हिरवे, असे सात. स्टिकरवर नंबर, नाव, वय. वय का, तर एका कंपनीत एकाच नावाची दोन माणसं हमखास असतात.

बॅकअपही बघून घेतला. “रोज होतोय मॅडम, हिरवी टिक येते,” असं संगणकवाले म्हणाले. टिक मीही रोज करते, त्यामुळे तिची किंमत मला माहीत आहे. मी म्हटलं, परत आणून दाखवा. एका रविवारी त्यांनी जुना संगणक पुसून त्यावर सगळं परत आणलं. दोन तास लागतील म्हणाले होते, अकरा लागले. मी आराखड्यात अकराच लिहिले.

मग सातही सेंटर्सच्या प्रमुखांना बोलावून मी ते एक पान वाचून दाखवलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. सरांची सही खरी आहे का, याचा अंदाज घेत असाव्यात. शेवटी कात्रजच्या ताई बोलल्या. त्या तिथल्याच, गाव शहरात आलं तशा त्याही आमच्याकडे आल्या. बारा वर्षं रक्त घेतात. लहान मुलंसुद्धा त्यांच्यापुढे रडत नाहीत.

“मॅडम, विचित्र म्हंजी काय? आम्हाला तर समदंच विचित्र वाटतंय त्यातलं.”

सगळ्या हसल्या. संगणकवाले लक्षणं सांगू लागले. ताईंनी थोडं ऐकलं आणि हात वर केला.

“दादा, ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं पत्र्याखाली साप दिसला, तर तो विषारी हाय का बिनविषारी हाय, ते वाकून न्हाई बघत. पाय मागं. मंग सर्पमित्राला फोन. तसंच ना?”

“तसंच,” मी म्हणाले. माझी अख्खी बैठक त्यांनी एका मिनिटात संपवली.

दुसरी तालीम मुदतीच्या आदल्या आठवड्यात ठेवायची होती. ती ठेवावी लागली नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी आठ बावीसला कात्रजहून फोन आला. मी घरून निघून स्कूटर चालू करत होते.

“मॅडम, वायर काढली.”

“काय दिसलं?”

“कॉम्प्युटरवरला बाण आपोआप हलत व्हता. माझा एक हात पेशंटच्या दंडावर, दुसऱ्यात सुई. बाण आपला चाललाय, खिडक्या उघडतोय.” मग आवाज खाली आला. “काढली ते बरोबर ना? आता विचारते.”

“बरोबर. कार्बन काढा, पिवळे स्टिकर काढा. गर्दी किती?”

“चौदा. दोघं चिडलेत.”

स्कूटर स्टँडवर लावून तिथेच फूटपाथवर उभी राहून मी सहा सेंटर्सना फोन केले. आठ एकेचाळीसला शेवटची वायर निघाली. समोरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, “कुणी गेलं का हो, ताई?” इतके फोन मी त्या कोपऱ्यावर कधी केले नव्हते.

खराडीला त्या दिवशी नेमकी कंपनीची साठ माणसं होती. सगळी उपाशीपोटी. मी तिकडेच गेले. हिरवे स्टिकर पन्नासच ठेवले होते, ती माझी चूक. उरलेल्या दहांना पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटपट्टीने लावले आणि घाईत त्यांवर नंबर टाकायचा राहिला. त्या दहांतच एकाच नावाचे दोघे निघाले, आणि दोघांचंही वय चौतीस. त्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं. त्यांतला एक म्हणाला, “मॅडम, आम्ही इथे एआयवर काम करतो आणि तुम्ही कार्बन पेपर वापरताय?” मी म्हटलं, “खाली घट्ट दाबून लिहा, तिसरी प्रत उमटत नाही.”

संगणकवाले तोवर मुख्य लॅबमध्ये पोचले होते. साडेअकराला त्यांचा फोन आला. सुरुवातच “सॉरी मॅडम” अशी. कात्रजचा बाण कुणी चोराने हलवला नव्हता. त्यांच्याच ऑफिसातला नवा माणूस लांबून आमच्या संगणकात शिरून काहीतरी अपडेट करत होता. कुणाला न सांगता. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि फोन सायलेंटवर. तरीही नियमाप्रमाणे प्रत्येक संगणक तपासूनच वायरी परत लावायच्या होत्या. शेवटची लागली तेव्हा तीन वाजले होते. साठ जणांचे रिपोर्ट त्याच संध्याकाळी द्यायचे ते दुसऱ्या दिवशी गेले. कंपनीच्या एचआरमधून तीन फोन आले, तिसरा मराठीत नव्हता.

मी मुख्य लॅबमध्ये परतले तर सर जागे. पडदा उघडा, कॉटवरची चादर तशीच. हे मी प्रथमच पाहत होते. त्यांचा चेहरा लाल होता. रिसेप्शनवर कुणी हलत नव्हतं.

“कात्रजला फोन लावा,” ते म्हणाले. “स्पीकरवर.”

मी लावला. त्या क्षणी मला करारापेक्षाही एका गोष्टीची काळजी होती. सर आता ओरडले, तर ते सात सेंटर्सना चहाच्या आत कळणार आणि पुन्हा कधीच कुणी त्या वायरीला हात लावणार नाही. खऱ्या हल्ल्यातसुद्धा नाही. कागदाचं पान तेवढं भिंतीवर राहील.

“ताई, वायर तुम्ही काढलीत?”

“व्हय, सर.”

“कुणाला विचारलंत?”

“कुणालाच न्हाई, सर.”

सरांनी श्वास घेतला. त्यांच्या कोटाचं वरचं बटण हललेलं मला दिसलं.

“सुई दंडात असताना काढलीत?”

“न्हाई. रक्त घेऊन झालं, कापूस लावला, दाबून धरा म्हटलं, मंग काढली.”

“बरोबर केलंत,” सर म्हणाले आणि फोन माझ्याकडे ढकलला. “रागावलो नाही. नोंद करा.”

राग मात्र शिल्लक होता, आणि तो ज्याला मिळायला हवा त्यालाच मिळाला. संगणकवाल्यांना समोर उभं करून सर शांतपणे म्हणाले, “अहो, माझ्याकडच्या बायका पंखा लावायला विचारतात. आणि तुमचा माणूस माझ्या घरात शिरला, फिरला, निघून गेला. बेल वाजवायची पद्धत तुमच्याकडे नाही का?” त्याच संध्याकाळी आराखड्यात एक ओळ वाढली : बाहेरून संगणकात शिरण्याआधी त्या सेंटरला फोन करायचा, आणि सेंटरने होकार दिल्यावरच शिरायचं.

ओशाळलेल्या माणसाने उपाय सुचवावा, तसा संगणकवाल्यांनी जाताना सुचवला. “मॅडम, तुम्हाला तालमीची नोंद द्यायचीच होती ना? मग ही तालीमच होती असं दाखवा. प्लॅन्ड ड्रिल. कुणाला कळणार आहे? उलट इम्प्रेशन पडेल.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते आवडलं होतं हे दिसत होतं. मलाही काही क्षण आवडलं. खोटी धोक्याची घंटा, स्वतःच्याच माणसाने घातलेला गोंधळ, संपलेले स्टिकर, उशिरा गेलेले साठ रिपोर्ट : हे सगळं लिहून कुणी करार वाढवतं का? अकरा जणांची नावं डोळ्यांपुढे येत होती.

“नाही जमणार,” मी म्हणाले. “साठ माणसं दुपारपर्यंत खोळंबली. तालीम होती म्हटलं, की ते विचारणार, आमच्या माणसांना तुम्ही मुद्दाम उपाशी ठेवलंत? याला माझ्याकडे उत्तर नाही. जे झालं त्याला आहे.”

“तुमचा हिशेब सरळ असतो,” सर म्हणाले. “लिहा.”

मी दोन पानं लिहिली. आठ बावीसपासून तीनपर्यंत, वेळेसकट. काय चुकलं ते आधी, काय जमलं ते नंतर. घरी टेबलावर लिहीत होते तेव्हा यजमान चहा ठेवून म्हणाले, “माफीनामा का?” मी म्हटलं, यादी. ते म्हणाले, “मग मोठी असेल,” आणि बिस्किटंही ठेवून गेले.

खराडीच्या कंपनीत हे सगळं ज्या बाई बघतात, त्या चाळिशीच्या, मूळच्या नागपूरकडच्या. खोली काचेची, त्यांचा लॅपटॉप बंद, माझी दोन पानं समोर. त्यांनी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

“अडतीस पानांचा प्लॅन पण आहे म्हणता नं?”

“कपाटात आहे. हवा असेल तर पाठवते. पान अकरावर एक कारखाना आहे, तो सोडून द्या.”

त्या हसल्या नाहीत. पेन्सिल आठ बावीसवर ठेवली. “हा डिसिजन कोणी घेतला?”

“कात्रज सेंटरच्या ताईंनी.”

“त्यांचं डेझिग्नेशन?”

“रक्त घेतात.”

“आणि त्यांनी कोणालाच नाही विचारलं?”

“नाही. विचारायचं नाही असंच लिहिलंय. त्याआधी आमच्याकडे याच कामाला एक तास एकोणपन्नास मिनिटं लागली होती. तीही नोंद मागे जोडली आहे.”

त्यांनी मागचं पान उलटलं. कपाळावर आठी आली, मग पेपरवेटखालच्या चिठ्ठीपाशी पोचल्या असाव्यात, कारण ओठ दाबून धरलेले दिसले. वाचून झाल्यावर काचेबाहेर बसलेल्या शंभर-दीडशे माणसांकडे त्यांनी एकदा नजर टाकली.

“आमच्याकडे वायर काढायला तीन जणांची परवानगी लागते,” त्या म्हणाल्या. “त्यातला एक अमेरिकेत असतो.”

“मग त्यांच्या झोपेची वेळ बघून घ्या,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पुण्यात राहून ही सवय लागतेच. या वेळी मात्र त्या मोकळ्या हसल्या.

“पण मॅडम, एक सांगते. रिपोर्ट लेट झाले, हे काही मी विसरू शकत नाही. तीन वर्षांचा करार मी नाही देऊ शकणार. एक वर्ष देते. आणि सहा महिन्यांनी आम्ही तुमची परीक्षा घेऊ, न सांगता. चालेल?”

“चालेल. फक्त सकाळी नको, उपाशी लोक असतात.”

“हल्लेवाल्यांना पण हेच सांगाल का?”

“बरं. कधीही घ्या.”

लिफ्टमधून उतरतानाच सरांना फोन केला. दीड वाजून गेला होता, तरी पहिल्या घंटीला उचलला.

“एक वर्ष,” मी सांगितलं.

“तीन मागितली होती ना?”

“एक मिळालं. पुढची दोन कमवावी लागतील. सहा महिन्यांनी परीक्षा आहे, न सांगता.”

“कुठल्या दिवशी?”

“न सांगता, सर.”

“तरी, साधारण?”

रस्ता ओलांडून मी सेंटरवर गेले. सकाळची गर्दी संपली होती. मी काय निरोप आणला ते कुणी विचारलं नाही. सगळ्या हातातलं काम उगाच सावकाश करत होत्या. मी पर्स ठेवली आणि भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता मागितला. गेल्या महिन्याचा तसाच होता. पुढचा कुणी आखायला घेतला नव्हता, आणि गेले कित्येक दिवस कुणी सुट्टीही मागितली नव्हती.

“पट्टी आणा,” मी म्हणाले. “बारा महिने आखायचेत.”

पट्टी आली. माझ्याभोवती खुर्च्या आल्या. पहिल्याच महिन्यात दोघींना एकच रविवार हवा होता, एकीला नणंदेच्या डोहाळजेवणासाठी, दुसरीला नुसता झोपायला. आवाज चढले. तिसरी म्हणाली, झोपणारीला द्या, डोहाळजेवण संध्याकाळी असतं. मग त्यावरून नवा वाद निघाला. मी पेन्सिलने आखत राहिले आणि कुणालाही गप्प बसायला सांगितलं नाही.